गाडीतल्या मागच्या स्क्रीन वापरात आणताना

आमच्या सात आसनी गाडीत पुढच्या दोन्ही सीटच्या पाठीला कंपनीनेच बसवलेल्या स्क्रीन आहेत. गाडी आम्ही वापरलेली घेतली आणि लांबच्या प्रवासात दोन्ही मुलांना मागे काहीतरी पाहता यावे, हे ती निवडण्याचे एक मोठे कारण होते. गाडी म्हणून ती उत्तम आहे; इंजिन, ब्रेक, एसी यांबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. मात्र त्या दोन स्क्रीन रोजच्या वापरात आणण्यासाठी जे जे करावे लागले ते सविस्तर लिहावेसे वाटते, कारण यातल्या बहुतेक अडचणी आमच्या एका गाडीपुरत्या नाहीत. गाडी पंधरा वर्षे चालावी म्हणून बांधलेली असते आणि चित्रपट पाहण्याची साधने चार-पाच वर्षांत बदलतात. या दोन गोष्टी एकमेकींत कायमच्या अडकवल्या की त्रास कुठून कुठून डोके वर काढतो, हे मला या खटपटीत कळले.

सुरुवात डीव्हीडीपासून झाली, कारण ही यंत्रणा मुळात तिच्यासाठीच बनलेली आहे. पुढच्या दोन सीटच्या मधल्या कप्प्यात डिस्क घालायची फट आहे. घरातल्या काही डिस्क नीट लागल्या, तर दुसऱ्या देशातून आलेल्या काही डिस्क प्रदेश जुळत नसल्याचा संदेश दाखवून बाहेर आल्या. डीव्हीडीच्या व्यवस्थेत जगाचे सहा विक्रीप्रदेश पाडलेले आहेत आणि प्लेयरला जो प्रदेश नेमून दिलेला असेल त्याच प्रदेशाच्या डिस्क तो स्वीकारतो. तेही चालवून घेतले असते, पण मुलांना आज जे पाहायचे असते ते डिस्कवर मिळतच नाही. प्रत्येक काळातल्या गाडीत त्या त्या काळाचे साधन असे बसवले गेले आहे. 1999 मध्ये ओल्ड्समोबिलच्या सिल्हूट या गाडीच्या एका आवृत्तीत छतातून खाली उघडणारी स्क्रीन आणि व्हिडिओ कॅसेटचा प्लेयर कारखान्यातूनच बसवून येत असे. 2022 साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या सेव्हन सीरिजमध्ये मागे 31.3 इंची स्क्रीन आणि इंटरनेटवरून चित्रपट दाखवणारी यंत्रणा आतच दिलेली आहे. कॅसेट गेली, डिस्क चालली आहे, आणि आज जे अ‍ॅप आत भरून दिले जाते तेही त्याच वाटेने जाईल असे मला मनापासून वाटते.

डिस्कचा नाद सोडून आम्ही फोनकडे वळलो. मधल्या कप्प्याच्या मागे, मुलांच्या पायापाशी, एक एचडीएमआय पोर्ट आहे, म्हणजे बाहेरच्या उपकरणातले चित्र आणि आवाज एकाच केबलने स्क्रीनपर्यंत नेणारी जोडणी. माझ्या फोनला टाइप-सी पोर्ट असल्यामुळे टाइप-सी ते एचडीएमआय असा अडॅप्टर आणून जोडला, तर स्क्रीनवर ‘सिग्नल नाही’ एवढीच अक्षरे आली. चौकशीअंती समजले की टाइप-सी हा केवळ पोर्टचा आकार आहे. त्यातून चित्र बाहेर पाठवण्याची सोय, जिला डिस्प्लेपोर्ट ऑल्ट मोड म्हणतात, ती प्रत्येक फोनमध्ये नसते आणि ती आहे की नाही हे पोर्टकडे बघून ओळखता येत नाही. नवऱ्याच्या फोनमध्ये ती निघाली. मुलांच्या खेळाचे घरी काढलेले चित्रण दोन्ही स्क्रीनवर झकास दिसले आणि प्रश्न सुटला असे आम्हाला वाटले. मग पैसे भरून घेतलेल्या अ‍ॅपमधला चित्रपट लावला. आवाज आला, संवादांची सबटायटल्स एकामागून एक उमटू लागली, पुढे-मागे करण्याची बटणेही दिसत होती. फक्त त्यांच्या मागे चित्राच्या जागी निव्वळ काळा पडदा होता.

याचे कारण एचडीसीपी हे कॉपीविरोधी कुलूप. ज्या चित्रपटाला हे संरक्षण असते तो बाहेर पाठवण्याआधी फोन, अडॅप्टर आणि स्क्रीन आपापल्या किल्ल्या एकमेकांना दाखवतात, आणि साखळीतल्या एखाद्या कडीची किल्ली चालली नाही की चित्र अडवले जाते. घरच्या चित्रणाला कुलूपच नसल्यामुळे ते बिनदिक्कत दिसते, त्यामुळे दोष नेमका कुठे आहे याचा अंदाज लागायला वेळ जातो. आमचा स्वस्त अडॅप्टर ही त्यातली कच्ची कडी होती. चांगला अडॅप्टर आणल्यावर एका स्क्रीनवर चित्रपट दिसला; तोच दोन्ही स्क्रीनवर एकदम दाखवायचा म्हटले की मात्र पुन्हा काळा पडदा. हक्कदारांनी आपल्या कलाकृतीला संरक्षण मागणे मला पूर्णपणे मान्य आहे. पण रीतसर पैसे भरणाऱ्या माणसाला ‘तुमच्या या या उपकरणात अडचण आहे’ असे एका वाक्यात सांगण्याऐवजी नुसता काळा पडदा दाखवणे हे अन्यायाचे आहे, आणि हे वाक्य दाखवायला कोणत्याही नव्या तंत्रज्ञानाची गरज नाही.

फोन जोडून ठेवण्याची दुसरी बाजूही लवकरच समोर आली. जोडलेल्या फोनचा पडदा जसाच्या तसा मागे दिसत असल्याने आलेला प्रत्येक संदेश मुलांच्या डोळ्यांसमोर उमटतो, फोन तापतो, आणि रस्ता पाहण्यासाठी तोच फोन हवा असेल तर चित्रपट थांबवावा लागतो. म्हणून आम्ही टीव्हीला लावतात ती, इंटरनेटवरचे चित्रपट दाखवणारी छोटी स्ट्रीमिंग स्टिक घेतली. तिची गरज साधारण पाच व्होल्टला एक अँपिअरची, तर गाडीतल्या जुन्या यूएसबी 2.0 पोर्टकडून खात्रीने मिळतो तो अर्धा अँपिअर. स्टिक सुरू व्हायची, तिचे बोधचिन्ह उमटायचे, ती बंद पडायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. बारा व्होल्टच्या सॉकेटात वेगळा चार्जर बसवून तिला वीज दिली तेव्हा हे थांबले. तरीही गाडीला स्टार्टर मारताना बॅटरीचा दाब क्षणभर उतरतो तेवढ्यानेच ती दर वेळी नव्याने चालू व्हायची. शिवाय तिला इंटरनेट लागते. ते फोनच्या हॉटस्पॉटवरून द्यायचे, तर गाडी थांबून स्टिक बंद झाल्यावर जोडलेले उपकरण नाही म्हणून थोड्या वेळाने फोन हॉटस्पॉट बंद करून टाकतो. चित्रपट आधी डाउनलोड करून ठेवण्याची सोय अ‍ॅप फोनवर आणि टॅबलेटवर देतात, अशा स्टिकवर बहुतेक देत नाहीत. आणि लांबच्या प्रवासात ज्या पट्ट्यात रस्ता सर्वांत कंटाळवाणा असतो तिथेच नेटवर्कही नसते.

एवढे झाल्यावर मी सर्व्हिस सेंटरमध्ये गेले. या यंत्रणेच्या मेनूमध्ये चित्रपटाची दोन अ‍ॅप आहेत आणि ती उघडली की फिरणारे वर्तुळ दिसत राहते, त्यापुढे काही होत नाही. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने माझे सगळे शांतपणे ऐकून घेतले, माझ्यासमोर सॉफ्टवेअरची आवृत्ती तपासली आणि सांगितले, “मॅडम, पुढच्या डिस्प्लेचं अपडेट मी टाकून देतो, पण मागचं युनिट वेगळं आहे आणि त्याला आता अपडेट येत नाही. आमच्याकडे आलेली शेवटची फाइल तुमच्या गाडीत आधीपासूनच आहे.” यात त्याचा काही दोष नव्हता आणि मी तसे त्याला सांगितलेही.

एकही तार न तुटता असे अ‍ॅप का मरते, हे समजून घ्यायला मी बराच वेळ दिला. इंटरनेटवरच्या सेवा ओळख पटवण्यासाठी सुरक्षा प्रमाणपत्रे वापरतात आणि त्यांच्यावर विश्वास ठेवण्यासाठी उपकरणात काही मूळ प्रमाणपत्रे साठवलेली असतात, त्यांनाही मुदत असते. 30 सप्टेंबर 2021 रोजी असे एक फार वापरात असलेले मूळ प्रमाणपत्र संपले आणि ज्या जुन्या उपकरणांत त्याच्या जागी नवे आलेले नव्हते त्यांचा अनेक संकेतस्थळांशी संपर्क तुटला. त्याच वर्षी मार्चमध्ये संपर्क सुरक्षित ठेवणाऱ्या टीएलएस या पद्धतीच्या 1.0 आणि 1.1 या आवृत्त्या अधिकृतपणे निकालात काढल्या गेल्या. फोनमध्ये असे बदल अपडेटबरोबर येऊन जातात आणि आपल्याला कळतही नाहीत. गाडीतल्या युनिटला अपडेटच येत नसेल तर एके दिवशी दार बंद होते आणि ते पुन्हा उघडत नाही. गाडी बनवणाऱ्यांची अडचणही खरी आहे. त्यांना उणे 40 ते 85 अंश सेल्सिअसपर्यंत टिकणारे भाग निवडावे लागतात, त्यांची चाचणी घ्यावी लागते, गाडी बाजारात येण्याच्या कितीतरी आधी आराखडा पक्का करावा लागतो आणि मग तोच आराखडा काही वर्षे विकला जातो. म्हणजे शोरूममधल्या कोऱ्या गाडीतली स्क्रीनसुद्धा त्या दिवशीच जुनी असू शकते. ही मर्यादा ज्यांना ठाऊक आहे त्यांनीच त्या स्क्रीनला बाहेरून काहीही सहज जोडता येईल अशी सोय आधी करायला हवी होती.

शेवटी उपयोगी पडला तो साधा पेनड्राइव्ह, पण तोही सरळ उपयोगी पडला नाही. माहितीपुस्तिकेत ‘एमपी4 चालते’ एवढेच छापले आहे. एमपी4 हे केवळ वरचे वेष्टन. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरले आहे यावर सगळे अवलंबून. 2003 सालची एच.264 ही पद्धत आमच्या युनिटला वाचता येते, 2013 सालची एच.265 येत नाही, आणि आमचे नवे फोन चित्रण करतात ते नेमके या दुसऱ्या पद्धतीत. पेनड्राइव्ह फॅट32 पद्धतीने फॉरमॅट केलेला लागतो आणि त्यात चार जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. फाइलींची नावे मी मराठीत दिली होती, तर स्क्रीनवर प्रत्येक नावाच्या जागी चौकोनांची रांग दिसली, कारण युनिटमध्ये देवनागरी फॉन्टच नाही. यादीही नावाप्रमाणे लागत नव्हती. ज्या क्रमाने फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या त्याच क्रमाने ती दिसत होती. हे सगळे एकेक करून उमगत गेले. पुस्तिकेच्या अर्ध्या पानात बसेल एवढी ही माहिती आहे आणि ती न छापण्याचे कोणतेही पटण्यासारखे कारण मला सापडले नाही.

मग मी एक शिस्त ठरवली. आमचे घरचे चित्रण आणि कुलूप नसलेल्या, विकत घेतलेल्या फाइली संगणकावर एच.264मध्ये बदलायच्या. आमची स्क्रीन 800 गुणिले 480 बिंदूंची आहे, त्यामुळे चित्र 480 ओळींचे पुरते आणि दोन तासांचा चित्रपट एक जीबीच्या आत बसतो. आवाज दोनच चॅनेलचा ठेवायचा, सबटायटल्स हवी असतील तर ती चित्रातच उमटवून घ्यायची, नावाच्या सुरुवातीला आकडा घालायचा, पेनड्राइव्ह पूर्ण पुसून सगळ्या फाइली एकदमच क्रमाने उतरवायच्या. हे रुळल्यावर चित्र दिसण्याचा प्रश्न उरला नाही.

राहिला तो चित्र थांबल्यानंतरचा प्रश्न, आणि या साऱ्या प्रकरणात मुलांच्या जिवाला सर्वांत जास्त घोर लावला तो याच गोष्टीने. इंधन भरायला गाडी थांबवली, इंजिन बंद केले आणि चालकाचे दार उघडले की मागच्या स्क्रीन तत्काळ बंद होतात. पुन्हा गाडी सुरू केल्यावर आधी सूचनेचे पान येते आणि ते ‘मान्य’ केल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मग डिस्क, एचडीएमआय की यूएसबी हे विचारले जाते. मग फाइलींची यादी. आणि तिथून निवडलेला चित्रपट पहिल्यापासून सुरू होतो. कुठे थांबलो होतो हे युनिट लक्षात ठेवत नाही. पुढे पळवत न्यायचे तर वेग असा की हवे ते दृश्य निसटून जाते, मग मागे यायचे, पुन्हा पुढे. हे सारे रिमोटवरून किंवा पुढच्या डिस्प्लेवरून करायचे असते. गाडी बहुधा मी चालवते. शेजारी मोठे माणूस नसेल तर धाकट्याचे रडणे ऐकत राहायचे किंवा सुरक्षित जागा पाहून गाडी बाजूला घ्यायची, असे दोनच मार्ग उरतात. चालत्या गाडीत चालकाला त्या मेनूला हात लावू न देण्याचा नियम मला योग्यच वाटतो आणि त्यात सूट मागण्याचा माझा विचार नाही. पण हा नियम करणाऱ्यांनीच चित्रपट होता तिथून आपोआप सुरू होईल हे पाहायला हवे होते. शेवटी मी प्रत्येक चित्रपटाचे वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून ठेवू लागले. आता गाडी थांबली तरी तुकडा निवडला की गोष्ट जवळपास तिथूनच पुढे जाते, आणि तुकड्यांचे आकडे ओळखून मोठी मुलगी हे काम स्वतः करते.

गाडीबरोबर आलेले हेडफोन इन्फ्रारेडवर चालतात, म्हणजे स्क्रीनकडून निघणारा न दिसणारा प्रकाश हेडफोनपर्यंत सरळ पोहोचावा लागतो. मूल खिडकीकडे मान टेकवून बसले किंवा ऊन थेट आत आले की आवाजात खरखर सुरू होते. ते बंद करायचे मुलांच्या लक्षात राहिले नाही तर सेलही संपतात. ब्लूटूथचे हेडफोन एका वेळी एकच जोडता येतात आणि आवाज ओठांच्या किंचित मागे राहतो. स्क्रीनच्या कडेला 3.5 मिलिमीटरचे साधे भोक आहे, त्यात लहान मुलांसाठीचे, आवाजाची कमाल पातळी बांधलेले, वायरचे हेडफोन घातले आणि हा विषय तिथेच संपला. रस्त्याच्या गोंगाटात मुले आवाज वाढवत जातात, म्हणून ही पातळी बांधलेली असणे मला फार महत्त्वाचे वाटते.

धाकट्याला मात्र वेगळाच त्रास झाला. वळणावळणाच्या रस्त्यावर स्क्रीन पाहताना त्याला मळमळू लागले. गाडी वळते आहे हे आतला कान सांगतो, तर डोळे स्थिर चौकटीवर खिळलेले असतात. या दोन्हींत मेळ न बसल्याने मळमळ होते आणि साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना ती अधिक होते. सीटच्या पाठीवरची स्क्रीन खाली असल्याने मान झुकते आणि खिडकीबाहेरचे दृश्य नजरेतून पूर्णपणे जाते. वळणांचा रस्ता आला की स्क्रीन बंद, हा नियम आम्ही केला आणि तिथे फक्त आवाज ऐकायच्या गोष्टी लावू लागलो.

त्यानंतर डावीकडच्या स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या आणि ती बंद पडली. फ्यूज ठीक होता, जोडणीही ठीक निघाली. बाहेरची एखादी स्क्रीन त्या जागी बसवता येईल का असे विचारले, तर उत्तर नाही असे मिळाले, कारण युनिटपासून स्क्रीनपर्यंत जाणारी केबल एचडीएमआयसारखी सर्वमान्य नसून गाड्यांतच वापरल्या जाणाऱ्या वेगळ्या पद्धतीची आहे आणि शिवाय ते युनिट त्याच गाडीशी सॉफ्टवेअरने बांधलेले आहे. सुटा पॅनेल मिळत नाही, पूर्ण युनिट बदलावे लागते, आणि आमच्या मॉडेलचे ते आता पुरवठ्यात नाही. बाकी सगळी गाडी धडधाकट असताना एका काचेसाठी असे हात टेकावे लागतात, याचे मला खरेच वाईट वाटते.

मुले आता उजवीकडच्या स्क्रीनवर आळीपाळीने पाहतात आणि दुसऱ्यासाठी टॅबलेट आहे. तो पट्ट्याने लटकवण्याऐवजी हेडरेस्टच्या दांड्यांना घट्ट आवळलेल्या धारकात बसवला आहे, कारण जोरात ब्रेक लागल्यावर सुटी वस्तू मुलांच्या अंगावर येऊ शकते. गाडी उभी केली की तो आम्ही काढून नेतो. बहुतेक फोन-टॅबलेट 35 अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात आणि बंद गाडी उन्हात त्याच्या कितीतरी वर जाते. गाडीतली स्क्रीन ही उष्णता सोसते, हा तिचा गुण मी नाकारत नाही.

अलीकडे आम्ही नवी गाडी पाहू लागलो आहोत. एका शोरूममध्ये विक्रेत्याने मागच्या मोठ्या स्क्रीनवर त्यांचा नमुना चित्रपट लावून दाखवला. मी माझा पेनड्राइव्ह दिला, माझ्या फोनवरून अ‍ॅपमधला चित्रपट दोन्ही स्क्रीनवर लावायला सांगितला, तो अर्ध्यावर आणल्यावर इंजिन बंद करून दार उघडायला आणि गाडी पुन्हा सुरू करायला सांगितले, आणि या युनिटला किती वर्षे अपडेट मिळतील हे लेखी द्याल का असे विचारले. पेनड्राइव्ह चालला. चित्रपट दोन्हीकडे दिसला. गाडी पुन्हा सुरू केल्यावर तो पहिल्यापासून लागला आणि अपडेटबद्दल लेखी काही मिळणार नाही असे त्याने प्रामाणिकपणे सांगितले. त्याच गाडीचा मागच्या स्क्रीन नसलेला, पण प्रत्येक मागच्या सीटपाशी पुरेशी वीज देणारा टाइप-सी पोर्ट असलेला प्रकारही मिळतो. आम्ही त्याची नोंदणी केली आहे.